भोगीचा धूर आणि घरातला दमा

आपल्याकडे भोगी म्हणजे लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. चेन्नईत मात्र पोंगलच्या आदल्या पहाटे जुन्या वस्तू जाळतात. २०१८ मध्ये या धूर-धुक्यामुळे विमानंही खोळंबली होती! घरात कुणाला दमा असेल, तर त्या सकाळी खिडक्या बंद ठेवा, फिरायला जाणं टाळा.

पण खरी तयारी आधीपासूनच हवी. डॉक्टरांनी दिलेला रोजचा इन्हेलर श्वासनलिकांची सूज आटोक्यात ठेवतो. बरं वाटतंय म्हणून तो परस्पर थांबवू नका. त्यात स्टिरॉइड असेल, तर घेतल्यावर चूळ भरा. तातडीचा इन्हेलर हाताशी ठेवा. त्यानेही आराम पडला नाही किंवा बोलताना धाप लागली, तर वाट न पाहता १०८ला फोन करा.