नक्की ना?

आमच्या घरी ‘नक्की ना?’ हा प्रश्न विचारण्याचे सर्वाधिकार सौभाग्यवतींकडे आहेत. बाहेर पडताना जिन्यात त्या विचारतात, “गॅस बंद केलात ना? नक्की?” मी “हो” म्हणतो. बत्तीस वर्षांत या “हो”साठी मला कधी स्वयंपाकघरात जावं लागलेलं नाही. प्रश्न पुरा व्हायच्या आत ते तोंडातून गळून पडतं.

परवा पुतण्या आला होता. तो हिंजवडीत पडदे रंगवतो. नाटकाचे नव्हे, संगणकाचे. शेकडो सर्व्हर एका दावणीला बांधले की त्याला क्लस्टर म्हणतात. त्या सगळ्यांवर नवा प्रोग्रॅम चढवायच्या कामाची बटणं कुठे नि कशी असावीत, हे आमचे चिरंजीव ठरवतात. मोठ्या कौतुकाने त्याने लॅपटॉप उघडला. एक निळं बटण. ते दाबलं की चौकट येते : ‘तुमची खात्री आहे? हो / नाही.’

“कसली खात्री?” मी विचारलं.

“काका, सेफ्टी आहे ती! माणसाने विचार करावा म्हणून.”

इथे माझं डोकं फिरलं. अरे, ही सेफ्टी नव्हे, पळवाट आहे! उद्या दोनशे सर्व्हर आडवे झाले की म्हणायला मोकळे, ‘आम्ही विचारलं होतं!’

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेत ॲमेझॉनच्या एका माणसाला थोडेसेच सर्व्हर बाजूला काढायचे होते. हुकुमातला एक तपशील चुकला आणि भलतेच जास्त निघाले. एस-थ्री नावाचं त्यांचं कोठार आणि त्यावर विसंबलेल्या असंख्य वेबसाइटी चारेक तास लंगडल्या. गंमत म्हणजे ‘सारे क्षेम’ सांगणारा फलकही त्याच कोठाराच्या जिवावर. गाव जळत असताना तो काही वेळ बदलताच येईना! पण कंपनीने पुढे नुसती ‘जपून टाइप करा’ अशी पाटी नाही लावली. हत्यारच बदललं. ते आता सर्व्हर हळूहळू काढतं आणि किमान संख्येच्या खाली जाऊ देत नाही.

त्याच वर्षी ३१ जानेवारीला गिटलॅबमधल्या एकाने रात्री उशिरा दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसला. आपण कोणत्या यंत्रावर आहोत ते ठळक दिसावं, ही सुधारणा यादीत आली ती त्यानंतर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : ‘नक्की ना?’ विचारू नका. काय होणार ते सांगा. ‘हा गिऱ्हाइकांचा क्लस्टर आहे. २०० पैकी २०० सर्व्हर बदलतील. आधी ५ वर करून पाहायचं?’ असं लिहा. थांबायचं आणि मागे फिरायचं बटण डोळ्यांसमोर ठेवा, तिसऱ्या मेनूच्या पोटात नको.

“पण काका, एवढं वाचतं कोण?”

“आकडा वाचतात! दोनशे पाहून माणूस दचकतो. ‘खात्री’ पाहून आजवर कोणी दचकलंय का?”

सौभाग्यवती आतून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी विचारलं, “दूध कोणत्या शेगडीवर ठेवलं होतंत? डाव्या की उजव्या?”

मी “हो” म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मुकाट्याने दोन मजले चढून वर गेलो.

डावी मंद आचेवर चालूच होती.