ऊन सगळ्यांचे, छप्पर कुणाचे?

सौर विजेचा विषय काढला की आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, हे सोसायटीवाल्यांचे चोचले. वस्तीत पाण्याची, संडासाची मारामार, तिथे पॅनेल कसली लावता? मला हे पटत नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या त्या महागाईविरुद्ध. तेल, रॉकेल, धान्य हा मोर्चाचा विषय होऊ शकतो, तर विजेचे बिल का नाही?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपये. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन व त्यापुढे ७८ हजार अनुदान. पण अटी वाचल्यात का? घर स्वतःचे हवे, त्याला पॅनेल लावण्याजोगे छप्पर हवे, वीजजोडणी हवी. या अटी घेऊन आमच्या भांडुप पश्चिमेची टेकडी चढा. तुळशेतपाडा, टेंभीपाडा, हनुमाननगर. वर पत्रा, पत्र्यावर ताडपत्री, ती उडू नये म्हणून दगड. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते; इथे अख्खी खोलीच तेवढी! खोली भाड्याची असेल तर विषयच संपला. स्वतःची असेल तर कागद नवऱ्याच्या नावावर, मीटर सासऱ्याच्या. म्हणजे अनुदान मिळते ते छपराला, आणि छप्पर बाईचे नसते.

म्हणून मी सामायिक प्रकल्पाच्या बाजूने आहे. पॅनेल एकाच मोठ्या छपरावर, शाळेच्या किंवा मंडईच्या, आणि तयार झालेली युनिटे प्रत्येक सभासदाच्या बिलातून तिच्या वाट्याप्रमाणे वजा. सभासदाला स्वतःचे छप्पर लागत नाही. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ सालीच अशा वाटणीचे नियम केले. मुंबईत बहुतेक ठिकाणी बेस्ट, अदानी, टाटा वीज देतात. भांडुप-मुलुंडला मात्र सरकारी महावितरण. तेव्हा मागणी कुणाच्या दारात न्यायची, हा प्रश्न आपल्याला नाही.

हिशेबही करू, कारण फुकट विजेची स्वप्ने विकणारे दलाल गल्लोगल्ली फिरताहेत. समजा, झोपडपट्टी पुनर्वसनाची चौसष्ट घरांची एक इमारत आहे. टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून गच्चीवर दोन हजार चौरस फूट उरले. तिथे वीस किलोवॉट बसतील. किलोवॉटला दिवसाला सुमारे चार युनिटे, म्हणजे महिन्याला २,४०० युनिटे. घरटी वाटली तर सदतीस-अडतीस. पंखा आणि दिवे निघतील, फार नाही. पण तीच वीज पंपाला आणि लिफ्टला दिली तर? बिल थकून लिफ्ट बंद पडते तेव्हा सातव्या मजल्यावर हंडा कोण चढवते? पुरुष चढवताना मी तरी क्वचितच पाहिले. गृहनिर्माण संस्थांना अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार अनुदान आहे. वीस किलोवॉटचे ३ लाख ६० हजार झाले. ते मागायला संस्थेचा ठराव लागतो.

आणि ठरावापाशीच आपले घोडे अडते. पुनर्वसनाची सदनिका पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याचा नियम आहे, तरी सभेला जातो तो नवरा. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीने सातबाऱ्यावर बाईचे नाव चढवायला लावले. शहरात आपण विजेच्या बिलापर्यंतही पोचलो नाही. सामायिक प्रकल्पात सभासदत्व पुन्हा मीटरवाल्याचेच राहणार असेल तर त्यात आपले काय? राहत्या घराचा पुरावा पुरेसा धरा, भाडेकरूलाही घ्या, परित्यक्ता आणि एकट्या बाईला आधी. सोडून गेला तरी वाटा तिचाच राहील, हे करारात लिहा. आणि करार मराठीत हवा.

बायांना यातले तांत्रिक काय कळते, असे कुणी म्हणालेच तर त्याला टेकडीपलीकडे पवईला पाठवा. तिथल्या आयआयटीने २०१४ पासून लाखो सौर दिवे गावोगावी जुळवून घेतले. ते जुळवणाऱ्या हातांत बायांचे हात भरपूर होते.

आपापल्या संस्थेत हा ठराव आता मांडा, सह्या गोळा करा. फक्त सभा रात्री नऊला ठेवू देऊ नका. त्या वेळी आपल्या हातात पोळपाट-लाटणे असते, हे त्यांना चांगले ठाऊक आहे.