आधी कागद, मग गॅलरी

डोंबिवलीत घर बघायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, स्टेशन चालत किती? मग पाणी किती वेळ येतं. कागदांची पाळी शेवटी, तीही टोकन दिल्यावर. हा क्रम किती महागात पडतो ते कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींनी दाखवलं. बनावट बांधकाम परवानग्यांवर तिथे महारेराची नोंदणी मिळवली गेली, लोकांनी कर्ज काढून घरं घेतली आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या. तेव्हा नुसत्या नोंदणी क्रमांकावर विसंबू नका. परवानगी खरी आहे का, हे पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारा. टिळकनगर, पेंडसेनगरातली जुनी सोसायटी अशा नव्या इमारतींपेक्षा बरी वाटते (शेजारी दूध घेऊन ठेवतात, दिवाळीला फडके रोड हाकेवर), आणि मलाही तीच आवडते. पण तिथेही कन्व्हेयन्स झालंय का ते बघा. झालं नसेल तर सोसायटीची इमारत ज्या जमिनीवर उभी, ती अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर. बिल्डर ते करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्सची) सोय कायद्यातल्या 2008 च्या दुरुस्तीने झाली. सेक्रेटरी काका मात्र अजून फाईल शोधतायत.