पाकिटाच्या मागची बाजू

माझा भाचा इंग्लंडमध्ये शिकतो. महिन्यापूर्वी त्याने व्हॉट्सॲपवर एका तयार जेवणाच्या डब्याचा फोटो पाठवला. भाज्यांचा एन्चिलाडा, ओव्हनमध्ये गरम करायचा आणि खायचा. खाली प्रश्न होता, "खाला, ये तो व्हेज है, चलेगा ना?" त्याला विचारायचे होते ते हलाल-हरामचे. परदेशात राहणारी आपली कित्येक मुले दुकानात असाच हिशेब करतात. मांसाची खात्री नसेल तर शाकाहारी उचलायचे. मी लगेच "चलेगा" लिहून टाकले. नंतर फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा लक्षात आले की त्याने डब्याची पुढची बाजूच पाठवली होती.

एन्चिलाडा म्हणजे काय हे मलाही शोधावे लागले. मेक्सिकोचा पदार्थ. मक्याच्या पातळ भाकरीत सारण गुंडाळायचे आणि वरून मिरचीचा रस्सा ओतायचा. सारणात घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ असली तर तो आपल्या भाकरी-उसळीचा भाऊच. मक्यात लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो कडधान्यात भरपूर असतो. ज्वारीचेही तसेच. आमच्या खंडाळ्यात (लोणावळ्याजवळचे नव्हे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे) कुणी लायसिनचे नाव ऐकले नसेल, पण भाकरीबरोबर मटकी खायची हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे हा पदार्थ मुळात चांगलाच. प्रश्न आहे तो पाकिटात बंद झाल्यावर त्याचे काय होते, याचा.

एन्चिलाडा आमच्याकडे येईल तेव्हा येईल. पण महामार्गावर आणि शिरवळच्या दुकानांत तयार पावभाजी, राजमा, उपमा, फ्रोझन पराठे केव्हाच आले आहेत. शिरवळच्या कारखान्यांत पाळ्यांनी काम करणाऱ्या घरांत ती पाकिटे जातात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. सकाळी सातला घर सोडणाऱ्या बाईला "घरचे ताजे खावे" असे सांगणाऱ्याने आधी तिच्या घरी जाऊन कणीक मळावी. मीही रमजानमध्ये सहेरीला दोन-तीनदा पाकीट फोडले आहे. त्या दिवशी दुपारपासूनच घशाला कोरड पडली. उन्हाळा म्हणून सोडून दिले. कारण मागच्या बाजूला लिहिलेले होते, ते मी वाचले नव्हते.

आपण मुसलमान पाकीट वाचत नाही असे मुळीच नाही. जिलेटीन कशाचे, चीजमधले रेनेट कुठून आले, हे आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो. शेजारचे शाकाहारी कुटुंब हिरवा ठिपका शोधते. दोघांचे शोधणे रास्त आहे. पण हिरवा ठिपका एवढेच सांगतो की आत मांस, मासे, अंडे नाही. आत भाजी किती आहे हे तो सांगत नाही. त्यासाठी घटकांची यादी पाहावी लागते. नियमाप्रमाणे वजनाने जे जास्त ते आधी लिहितात. "भाज्यांचे" म्हणवणाऱ्या पदार्थात पाणी, मैदा आणि तेलानंतर भाजीचे नाव येत असेल तर काय समजायचे ते समजा. आमच्या शाळेच्या पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला 450 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिने आणि 50 ग्रॅम भाजी मिळावी असे प्रमाण ठरले आहे. त्या खिचडीला आपण नाके मुरडतो. एकदा तिच्या शेजारी पाकीट ठेवून आकडे ताडून पाहा.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा. पण आपल्या पाकिटावर "मीठ" असा आकडा नसतो, "सोडियम" असते, तेही मिलिग्रॅममध्ये आणि बहुधा 100 ग्रॅमला. आठवीच्या मुलांना मी हे गणित घातले. समजा 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पाकीट 300 ग्रॅमचे आहे. एकूण 1050. त्याला अडीचने गुणले की 2625 मिलिग्रॅम, म्हणजे अडीच ग्रॅमच्या वर मीठ. एका जेवणात दिवसाचे निम्मे. वर लोणचे-पापड वेगळे! मुलांनी गणित सोडवले, पण एकीने विचारले, "मॅडम, मग सरळ मीठच का नाही लिहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. भाच्याच्या देशात मीठ म्हणूनच लिहितात, ग्रॅममध्ये. पुष्कळ पाकिटांवर पुढच्याच बाजूला हिरवा, नारिंगी, लाल रंग देतात. खुद्द मेक्सिकोत 2020 पासून जास्त सोडियमच्या पाकिटावर काळा अष्टकोन छापावा लागतो. आपल्याकडे 2022 मध्ये ताऱ्यांचा मसुदा निघाला. मला तारे पटत नाहीत. तारा शाबासकी देतो, सावध करत नाही. 2015 मध्ये मॅगीवर बंदी आली आणि दोन-अडीच महिन्यांत उच्च न्यायालयाने ती उठवली, तेव्हा गावोगाव शिशाची चर्चा झाली. मिठावर तेव्हाही कुणी बोलले नाही.

माझी दुसरी तक्रार भाषेची आहे. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की कायद्याचे समाधान होते. माझ्या अम्मीला रक्तदाब आहे. ती उर्दू आणि मराठी दोन्ही सफाईने वाचते, पण ज्या पाकिटावर तिच्या औषधापेक्षा महत्त्वाची गोष्ट लिहिली आहे ते तिला वाचता येत नाही. मराठीच्या पाट्यांसाठी दुकानांसमोर आंदोलने होतात. दुकानातल्या पाकिटावर "मीठ : इतके ग्रॅम" एवढे तीन शब्द मराठीत हवेत, ही मागणी अजून माझ्या कानावर आलेली नाही.

भाच्याला मी पुन्हा मेसेज केला, मागची बाजू पाठव. तोवर डबा कचऱ्यात गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातूनच फोटो पाठवला. मिठाचा चौकोन नारिंगी होता. "खाला, आधा आज खाऊँ, आधा कल?" मी लिहिले, खा, पण बरोबर काकडी चिरून घे, आणि वरून मीठ घालू नकोस.