गुणसूत्रांची संख्या आणि श्रेष्ठत्वाचा भ्रम

पेशीचे विभाजन होत असताना तिच्या केंद्रकात धाग्यांसारखे जे सूक्ष्म घटक स्पष्ट दिसू लागतात, त्यांना गुणसूत्रे म्हणतात. प्रत्येक जातीत त्यांची संख्या सामान्यतः ठरलेली असते. वाटाण्यात १४, कांद्यात १६, भातात २४, मनुष्यात ४६, कोंबडीत ७८, असे कोष्टक विद्यार्थी मुखोद्गत करतात. परंतु आकडे पाठ झाले, तरी त्यांचा अर्थ कोणी सांगितला नाही, तर 'जितकी गुणसूत्रे अधिक, तितका जीव श्रेष्ठ' असा ग्रह मनात सहज मूळ धरतो. हा ग्रह खोटा असून तो वेळीच दूर केला पाहिजे, असे माझे मत आहे.

बटाट्यात ४८ गुणसूत्रे असतात. म्हणून तो मनुष्याहून वरचढ ठरत नाही. ओफिओग्लॉसम रेटिक्युलेटम ही नेचाच्या वर्गातील एक लहानशी वनस्पती. तिच्या पेशीत सुमारे १२६० गुणसूत्रे आहेत. उलट, आपल्या अरण्यांतून वावरणाऱ्या भेकराच्या मादीत ती केवळ ६ आणि नरात ७ असतात; त्याच्याच चिनी भाईबंदात मात्र ४६. ही दोन्ही हरणे दिसण्यात एकमेकांहून फारशी निराळी नाहीत.

याचा उलगडा ग्रंथालयाच्या वाचकास सहज व्हावा. एकच ग्रंथ एका जाड खंडात बांधता येतो, तसाच दहा पातळ खंडांतही. खंड मोजून आतील मजकुराची थोरवी कळत नाही. भेकराच्या पूर्वजांत अनेक लहान गुणसूत्रे एकमेकांस जोडली जाऊन थोडी पण लांब गुणसूत्रे बनली. गव्हात याच्या उलट घडले. तीन गवतांचे प्रत्येकी १४ धागे संकराने एकत्र आले आणि आपल्या नेहमीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे झाली. म्हणजे ही संख्या श्रेष्ठत्वाचे माप नसून वंशाच्या इतिहासाची खूण आहे.

या गैरसमजास आपल्या परिभाषेचाही थोडा हातभार लागतो. वाल्डायर यांनी १८८८ मध्ये योजिलेल्या मूळ नावाचा अर्थ केवळ 'रंग घेणारी काया' असा आहे. आपल्या 'गुणसूत्र' या शब्दात 'गुण' आला आणि सूत्रे वाढली की गुणही वाढतात, असे वाटू लागले. शब्द आता रूढ झाला आहे व तो सोयीचाही आहे. मात्र शिकविताना त्याचा खुलासा अवश्य करावा.

शिवाय हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. पेंटर यांनी १९२३ मध्ये मनुष्याची गुणसूत्रे ४८ असल्याचे सांगितले, आणि सुमारे तीन दशके पाठ्यपुस्तके तेच सांगत राहिली. पुढे स्वीडनमधील लुंड येथे त्यियो आणि लेव्हान यांनी पेशी पसरून पाहण्याची सुधारलेली रीत वापरली. तेव्हा ती ४६ भरली. त्यांचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. छापील आकड्यावर भिस्त ठेवून नव्हे, तर पुन्हा मोजून सत्य हाती आले.

म्हणून शिक्षकांना विनंती, की कोष्टक पाठ करवून घेण्याऐवजी कांद्याच्या मुळाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावे. ते १६ धागे स्वतः मोजताना विद्यार्थ्यास जो प्रश्न पडेल, तो शंभर पाठ केलेल्या आकड्यांहून मोलाचा आहे.