अडीनडीचा डबा

काय मुलांनो, गणित आवडतं ना? मग हे सोडवा. सावकाराकडून १००० रुपये घेतले. व्याज दरमहा शेकडा ५ रुपये. वर्षाचं व्याज किती?

आमच्या चौथीच्या वर्गात उत्तर बरोबर आलं, ६०० रुपये. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, म्हणजे आता ४०० च राहिले ना?" नाही ना! ते ६०० नुसतं व्याज. मुद्दल हजारच्या हजार उभंच!

हे गणित पुस्तकातलं नाही, आमच्या घरातलं आहे. मी सहावीत होते. बाबा गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. भर वैशाखात शिडीवरून पडले, पाय मोडला. आई शेतमजुरीला जायची, पण वैशाखात रानात कसलं काम? आईच्या कानातली फुलं गहाण पडली. ती काही परत आली नाहीत.

त्यानंतर आईने ज्वारीच्या कणगीमागे एक डबा ठेवला. बाजाराच्या दिवशी मजुरी हातात आली की भाजी घेण्याआधी ५ रुपये डब्यात. सुगीत १०. काम नसेल त्या आठवड्यात काहीच नाही, आणि त्याची हळहळही नाही. डबा उघडायचा तो दुखणं, अपघात किंवा कामाचा खाडा पडला तरच. सणाला नाही, पाहुण्यांना नाही.

थंडीत शाळेची सहल निघाली. ६० रुपये हवे होते. मी डब्याकडे बोट दाखवलं. आई "नाही" म्हणाली. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही! (आज हसू येतं, तेव्हा फार रडले होते.)

फाल्गुनात धाकट्याला ताप चढला. रात्री डबा उघडला, २७५ रुपये निघाले. जीपचं भाडं, डॉक्टर, सलाईन मिळून २५० गेले. वजाबाकी तुम्हीच करा. पुढच्या बाजारी आईने पुन्हा ५ रुपये टाकले.

आता घरातल्या डब्याला उंदीर असतात, आणि हातउसने मागणारेही! १० वर्षं पूर्ण झाली की पोस्टात तुमच्या स्वतःच्या नावाने बचत खातं निघतं, ५०० रुपयांत. आरडी दरमहा १०० रुपयांपासून असते, पण ती पाच वर्षांची. अडीनडीला बचत खातंच बरं, हवं तेव्हा पैसे काढता येतात. आईचा बचत गट असेल तर तिथलं कर्जही कामी येतं. व्याज तिथेही द्यावं लागतं, पण ते गटातच राहतं.

पालकांनो, एक सांगू? डबा कशासाठी आहे ते मुलांना सांगा. मला आईने सांगितलं नव्हतं, म्हणून तर मी रुसले.

आणि मुलांनो, तुमच्या घरी असा डबा आहे का? कुठे ठेवलाय ते मात्र पत्रात लिहू नका हं!