खाडीतल्या फवारणीची अर्धी गोष्ट

‘अमेरिकेत शिंपल्या पिकवणारे खाडीतल्या गवतावर तणनाशक मारतात, मग उल्हास नदीतल्या जलपर्णीवर मारायला नियमांचा बाऊ कशाला? औषध मारा, मोकळे व्हा!’ असं ठासून सांगणारे गृहस्थ आमच्या खाडीकाठच्या बोनकोड्यात आहेत. त्यांना दाखल्याचा सोयीचा तेवढाच भाग ठाऊक आहे.

ते गवत वॉशिंग्टन राज्यातल्या विलापा उपसागरातलं, जपानी ईलग्रास. त्यावर इमॅझामॉक्स हे तणनाशक फवारायला तिथल्या पर्यावरण खात्याने २०१४ साली परवाना दिला, तोही शिंपल्यांच्या व्यावसायिक वाफ्यांपुरता आणि अटी घालून. त्याच उपसागरात चिखल पोखरणाऱ्या कोळंब्या मारण्यासाठी २०१५ साली इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाला परवाना मिळाला. लोक खवळले आणि काही आठवड्यांत तो रद्द झाला. पुन्हा मागितला, तेव्हा २०१८ साली नाकारला गेला. म्हणजे बाऊ तिथेही होतोच, आणि व्हायलाच हवा.

पण खरी मेख पुढे आहे. विलापातल्या चिखलाला मालक आहे. १८९५च्या कायद्यांपासून तिथे भरतीओहोटीची जमीन कालवांसाठी खाजगी मालकीत गेली. त्यामुळे परवाना कोणाला, हद्द कुठली, शेजारी कोण, हे कागदावर असतं. उल्हासचा एक फाटा ठाण्यापाशी आमच्या ठाणे खाडीला मिळतो. या खाडीत गुडघाभर चिखलात उतरून, बोटांनी चाचपत शिंपल्या काढणाऱ्या बाईच्या नावावर सात-बारा नाही. दगडावरची कालवं फोडणारीच्या नावावरही नाही. नोटीस द्यायची कोणाला? वरून आलेलं पाणी शिंपली गाळून गाळून खाते. त्यात काय होतं हे त्या बाईला कोण सांगणार? जिची हद्द नाही, तिचं नुकसानही नोंदलं जात नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तेव्हाही ‘तोंडाला फडकं का बांधलं नाही’ असं मजुरांनाच विचारणारे होते. हे गृहस्थ त्याच पंगतीतले.

शिवाय फवारणीने मेलेली जलपर्णी तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते. फवारल्याने खर्च वाचतो म्हणे! कोणाचा?

जलपर्णी पावसाआधी यंत्राने, माणसांनी उपसावी. तिला पोसणारं सांडपाणी शुद्ध करूनच सोडावं. तरीही कुणाला फवारायचंच असेल, तर आधी खाडीकाठच्या गावांत मराठीत फलक लावावेत, मासेमारी सोसायट्यांची संमती घ्यावी, आणि फवारणीआधी व नंतर शिंपल्या तपासून निकाल चावडीवर लावावा. चिखलात उतरणाऱ्या बायकांची यादी त्याआधी करावी.